बाईंच्या नावाची चिठ्ठी

माझी धाकटी जाऊ भांडत नाही, हा तिचा सगळ्यात मोठा दुर्गुण. भांडणाऱ्या माणसाचं बरं असतं, एकदा दोघींनी तोंडसुख घेतलं की विषय मिटला. हिला तुम्ही कितीही बोला, ही "बरं ताई" म्हणणार आणि पुढच्या कामाला लागणार. चौदा वर्षं मी हे सोसलंय. दिराचं लग्न ठरलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या होत्या, पोरगी अगदी गरीब आहे हो. गरीब कसली! तिला एखादी गोष्ट पटली नाही तर ती तोंडाने नाही म्हणत नाही, गुपचूप जाऊन तपासून येते. मी गॅस बंद केलाय म्हटलं की "बरं ताई", आणि दोन मिनिटांनी स्वयंपाकघरात एक चक्कर. माझं डोकंच फिरायचं. एकदा चार पाहुण्यांदेखत मी तिला सुनावलं, की माझ्या शब्दावर भरवसा नसेल तर तसं तोंडावर सांग. ती कानापर्यंत लाल झाली. त्या दिवसापासून तिने माझं बोलणं तपासणं सोडलं. बाकी सगळ्या जगाचं तपासायची, माझं तेवढं नाही. मला वाटलं, चला, जिंकले एकदाची.

आम्ही दोघी एकाच दुकानात कामाला. शिवणाच्या सामानाचं दुकान आहे. दोरे, बटणं, चेनी, अस्तर, कात्र्या, मशीनच्या सुया. खाली काउंटर, वर गोदाम. काउंटरवर मी एकवीस वर्षं उभी आहे. आताचा मालक मी लागले तेव्हा शाळेत जात होता, म्हणून तो अजून मला मावशी म्हणतो. चार वर्षांपूर्वी त्याने दुकान इंटरनेटवर टाकलं आणि बघता बघता निम्मी विक्री तिकडून व्हायला लागली. तेव्हा त्याला वेबसाइट सांभाळणारं माणूस हवं होतं. जावेने मुलं शाळेत जायला लागल्यावर संध्याकाळचे वर्ग करून हेच काम शिकून घेतलेलं, आणि ती जिथे होती ते ऑफिस नुकतंच बंद पडलेलं. मी मालकाकडे शब्द टाकला. त्याने तिला सहा महिन्यांच्या बोलीवर घेतलं, काम पटलं तर कायम. म्हणजे हिने काही घोळ घातला की नाक माझं कापलं जाणार.

तिला पहिलं मोठं काम मिळालं ते असं. शिवणकामावर लिहिणारे, व्हिडिओ करणारे बरेच लोक असतात. त्यांनी आपल्या पानावर आमच्या दुकानाची लिंक द्यायची, आणि त्या लिंकवरून आलेल्या गिऱ्हाइकाने काही घेतलं की त्यातला थोडा वाटा लिहिणाऱ्याला. आता कोणतं गिऱ्हाईक कोणी पाठवलं हे दुकानाला कळणार कसं? तेच जावेने बसवायचं होतं. एका रविवारी कपडे वाळत घालता घालता तिने मला समजावून सांगितलं होतं. माणूस लिंकवरून आला की दुकान त्याच्या फोनमध्ये किंवा कंप्युटरमध्ये एक बारीकशी चिठ्ठी ठेवून देतं, याला अमक्याने पाठवलं म्हणून. त्या चिठ्ठीला कुकी म्हणतात. ती तीस दिवस राहते. तेवढ्यात त्या माणसाने खरेदी केली की दुकान चिठ्ठी वाचतं आणि ती विक्री त्या नावावर मांडतं. लिंक पुन्हा दाबली की तीस दिवस नव्याने सुरू. मी म्हटलं, एवढंच? एवढ्यासाठी तुला महिना लागतोय? ती हसली आणि टॉवेल झटकला.

महिना लागला तो तपासण्यात. लिंक दाबून लगेच खरेदी केली तर, दुसऱ्या दिवशी केली तर, सामान टोपलीत टाकून आठवडाभर विसरलं तर, एकाची लिंक दाबून मग दुसऱ्याची दाबली तर. दिराचा फोन, माझा फोन, मुलांच्या शाळेतल्या शिपायाचा फोन, एकही तिने सोडला नाही. एक सुयांचं पाकीट तिने चाचणीत सत्तावीस वेळा विकत घेतलं आणि सत्तावीस वेळा रद्द केलं. मालक कुरकुरायला लागला होता, पण त्याच्या पोटातही भीती होतीच. आदल्या वर्षी त्याने बाहेरून कोणाकडून तरी हेच करून घेतलं होतं, आणि सवलतीची कुपनं वाटणाऱ्या एका महाभागाने लोकांच्या नकळत त्यांच्या कंप्युटरमध्ये आपल्या नावाच्या चिठ्ठ्या घुसवून सहा महिने आमच्या मालकाला शेंडी लावली. तेव्हापासून मालकाला प्रत्येकजण लबाड वाटतो.

या खेपेला बेचाळीस लोक सामील झाले. मालकाने त्या सगळ्यांचा फोनवर एक गट केला, आम्ही दोघी त्यात नव्हतो. त्यात सगळ्यात म्हाताऱ्या शिवणबाई. मुलींच्या शाळेत तीस वर्षं शिवण शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांच्या पानावर सगळं बैजवार लिहिलेलं असायचं, कापड कसं धरायचं, टाका कुठून घ्यायचा, चुकलं तर उसवायचं कसं. महिन्याला त्यांच्या नावावर चार-पाच ऑर्डरी व्हायच्या. एवढ्यातही बाई खूश असायच्या, गटात रोज सगळ्यांना सुप्रभात करायच्या, मालक आम्हाला दाखवायचा.

आता माझी गोष्ट सांगते, लपवून काय करू. एकवीस वर्षं मी चेनी विकतेय, पण मला चेन लावता येत नाही. आत लपणारी तर मुळीच नाही. गिऱ्हाइकं मात्र मलाच विचारतात, मावशी, ही बसवायची कशी? पूर्वी मी काहीतरी ठोकून द्यायचे. मग शिवणबाईंचं पान सापडलं. दुपारी दोन वाजता काउंटर रिकामं असतं, तेव्हा मी काउंटरवर माल बघायला ठेवलेल्या टॅबवर बाईंचं पान उघडायचे, वाचायचे आणि संध्याकाळी गिऱ्हाइकापुढे माझंच ज्ञान असल्यासारखं पाजळायचे. लोक मान डोलवायचे. एक जण तर म्हणाली, मावशी, तुम्ही शिकवणीच का घेत नाही? कोणाला आवडणार नाही हो असं ऐकायला? टॅबवर दुकानाच्या कामाशिवाय काही बघायचं नाही असा मालकाचा नियम होता. म्हणून वाचून झालं की मी बाईंच्या पानावरची आमच्या दुकानाची लिंक दाबायचे, की झटकन पुन्हा दुकानाचं पान समोर. तोच सगळ्यात जवळचा रस्ता होता.

आधी यात काही बिघडत नव्हतं, कारण काउंटरची विक्री जुन्या मशीनवर व्हायची आणि टॅब नुसता माल आहे की संपला हे बघायला होता. मग मालकाने ठरवलं, दुकानात येणाऱ्यांच्या आणि फोनवरून सांगणाऱ्यांच्या मोठ्या ऑर्डरीही टॅबवरून वेबसाइटवरच टाकायच्या, किरकोळ विक्री तेवढी जुन्या मशीनवर. त्या आठवड्यात जाऊ खाली आली आणि तिने मला विचारलं, "ताई, या टॅबवर कोणी दुसरं काही उघडतं का? म्हणजे बाहेरची पानं वगैरे?"

मी म्हटलं, "छे गं. यावर फक्त ऑर्डरी."

"बरं ताई," म्हणाली आणि वर गेली. टॅब उघडून बघितला नाही तिने. माझा शब्द होता ना.

यानंतर तीन आठवड्यांनी, एका गुरुवारी सकाळी अकराला मालक हातात कागद फडकवत खाली आला. शिवणबाईंच्या नावावर तीन आठवड्यांत एकसष्ट ऑर्डरी. त्याने त्यातल्या तिघांना फोन करून विचारलं होतं, तुम्ही या बाईंचं पान बघितलंत का? तिघांनीही कानावर हात ठेवले, कोण बाई, कसलं पान. झालं! मालकाच्या डोळ्यांपुढे तो कुपनवाला उभा राहिला. त्याने सकाळीच शिवणबाईंना फोन लावून नाही नाही ते ऐकवलंही होतं. जावेला हाक मारून त्याने सांगितलं, पाच वाजेपर्यंत एकसष्ट ऑर्डरींची यादी कर. यादी आली की यादीसकट, नाही आली तर नुसतं नाव, पण पाचला बाईचं नाव गटात टाकणार. बेचाळीस जणांना कळू दे लबाडी केली की काय होतं ते. तो मजकूर त्याने फोनमध्ये लिहूनही ठेवला होता.

बेचाळीस जण म्हणजे शिवणावर लिहिणारं सगळं जग. तिथे एकदा नाव निघालं की बाईंच्या पानावर कोण कशाला फिरकेल? जाऊ एवढंच म्हणाली, की आधी बघू द्या. मालक म्हणाला, बघायचं काय त्यात? आणि मी, ज्या बाईच्या जिवावर काउंटरवर शहाणी ठरत होते ती मी, काय म्हणाले असेन? मी म्हणाले, मला आधीपासून संशय होता, इतकं गोड बोलणारं माणूस सरळ नसतंच. आठवलं की आजही माझी मलाच चीड येते.

अडीच वाजता जावेने मला वर बोलावलं. मालक बँकेच्या कामाला गेला होता. गोदामात खोक्यांच्या मधोमध तिचं टेबल, त्यावर एकसष्ट ओळी छापलेले कागद पसरलेले. प्रत्येक ओळीवर पेन्सिलीची खूण. तिने बसायला स्टूल दिलं आणि हळूच म्हणाली, "ताई, या सगळ्या ऑर्डरी एकाच यंत्रावरून आल्यात. आपल्या काउंटरच्या टॅबवरून."

मला आधी कळेचना. मग तिने पुढचा कागद सरकवला. त्यावर बाईंची लिंक कधी कधी दाबली गेली त्या वेळा होत्या. दोन वाजून दहा. दोन वाजून सात. दोन वाजून बारा. रविवार सोडून रोज. त्या टॅबवर बाईंच्या नावाची चिठ्ठी चिकटली होती, मी रोज दुपारी ती ताजी करत होते, आणि मग दिवसभर दुकानात येणाऱ्याची, फोन करणाऱ्याची, सगळ्यांच्या ऑर्डरी बाईंच्या खात्यात टाकत होते. ज्यांनी बाईंचं नाव ऐकलं नव्हतं ते खरंच बोलत होते. बाईंनी काहीच केलं नव्हतं.

मी म्हटलं, एखाद्या गिऱ्हाइकाने हात लावला असेल. ती माझ्याकडे न बघता "बरं ताई" म्हणाली. दोन वाजता काउंटरवर कोण असतं हे तिला काय ठाऊक नव्हतं?

मग तिने मालकाला फोन लावला. बंद. पुन्हा लावला, बंद. निरोप लिहिला, तो पोचला नाही. साडेतीन वाजले, चार वाजले. मी खाली काउंटरवर दोरे देत होते, पण रंगच दिसत नव्हते, एकीला निळ्याऐवजी काळं रीळ दिलं. दर पाच मिनिटांनी जिन्यावर जावेची पावलं वाजत, ती दारापर्यंत जाऊन रस्ता बघून यायची. सव्वाचारला तिने बँकेत फोन केला. ते म्हणाले, कधीच गेले. फोन बंद ठेवून फिरणारा हा माणूस पाचला तो सुरू करून कुठूनही मजकूर पाठवणार होता. बाईंना आधी कळवावं म्हणून तिने त्यांनाही दोनदा फोन केला, त्या उचलेनात. सकाळी जे ऐकून घेतलं त्यानंतर आमच्या दुकानाचा नंबर बघून मीही उचलला नसता.

पाचला दहा मिनिटं असताना मालक दारात उगवला. चार्जिंग संपलेलं, म्हणून फोन बंद. आल्या आल्या त्याने फोन काउंटरच्या वायरला लावला, तो सुरू झाला, आणि याने अंगठा त्या मजकुरावर नेला. जावेने कागद मधेच धरले.

"पाठवू नका. बाईंची चूक नाही, माझी आहे. काउंटरचा टॅब यातून वगळायला हवा होता, तो राहिला."

मालक कागद वाचायला लागला. वाचता वाचता त्याचा चेहरा उतरला, मग पारा चढला. त्याने विचारलं, पण टॅबवर बाईंची लिंक दाबली कोणी? जाऊ टॅब पुसायला लागली. आता गप्प बसून चालणार नव्हतं, मी म्हणाले, मी दाबली, दुपारी त्यांचं पान वाचत होते. तो माझ्यावर ओरडला, पण एकवीस वर्षांचा मान ठेवून ओरडला. खरी आग पाखडली ती जावेवर. टॅबवर कोण काय बघतं हे काउंटरवर येऊन साधं विचारावंसंही वाटलं नाही तुला? शेंबड्या पोराला सुचलं असतं!

तिने माझ्याकडे मान वळवली असती तरी पुरलं असतं. नाही वळवली. "राहिलं विचारायचं," म्हणाली.

आणि मी मूग गिळून उभी राहिले. मनात म्हटलं, मी अर्धं तर कबूल केलंय, आता पुढचं कशाला? मालकाने मजकूर पुसून टाकला आणि जावेला सांगितलं की महिनाअखेर दुसरीकडे बघ. ती हो म्हणाली. बाईंचं नाव वाचलं होतं, त्यातच तिचा जीव भांड्यात पडल्यासारखा दिसत होता.

तेवढ्यात मालकाच्या फोनवर टिंग टिंग सुरू झालं. दुपारभर अडकलेले निरोप आता येत होते. त्याने गट उघडला आणि वाचता वाचता खुर्चीत बसला. मग फोन जावेकडे दिला. तिने मोठ्याने वाचलं. शिवणबाईंनी चार वाजताच लिहिलं होतं:

"सर्वांना नमस्कार. माझ्या हातून फार मोठी चूक झाली आहे. मला कंप्युटरमधलं फारसं कळत नाही, माझ्याकडून काहीतरी भलतंच दाबलं गेलं असावं. पण मालक म्हणतात म्हणजे झालं असणार. जे माझं नाही ते सगळं मी परत करीन. आजपासून लिहिणं बंद करते. मालकांना कोणी बोल लावू नये."

खाली लोकांची उत्तरं होती. एकाने लिहिलं होतं, या वयात शोभतं का हे? दुसरीने बाईंनी शाळेत काय काय केलं असेल देव जाणे, असं लिहिलं होतं. एकोणीस उत्तरं, आणि सुप्रभात म्हणणाऱ्या त्या गटात बाईंच्या बाजूने एकही नाही.

मालक म्हणाला, लिही, लिही लवकर, तांत्रिक चूक होती म्हणावं. जावेने फोन हातात घेतला. ती लिहायला लागली, आणि लिहिता लिहिता सवयीने मोठ्याने म्हणत होती, "ही ट्रॅकिंगची व्यवस्था मी बसवली असून माझ्याकडून एक तपासणी राहून गेली..."

माझ्याच्याने राहवेना. मी म्हटलं, "ते पुसून टाक. हिने मला विचारलं होतं, मालक. इथेच, या काउंटरशी उभं राहून. मी खोटं बोलले."

"ताई, असू दे," जाऊ म्हणाली.

"असू दे काय? मी सांगते तसं लिही."

आणि मी सांगत गेले. की मी या दुकानात काउंटरवर असते, मला चेन लावता येत नाही, बाईंचं वाचून मी लोकांना माझं म्हणून सांगायचे, नियम मोडून टॅबवर वाचायचे, मला विचारलं तेव्हा सरळ खोटं बोलले, आणि त्या एकसष्ट ऑर्डरी माझ्या बोटाने बाईंच्या नावावर गेल्या, बाईंना याचा पत्ताही नव्हता. चेनीच्या वाक्यापाशी जाऊ थांबली. म्हणाली, हे नको, रोज गिऱ्हाइकं येतात. मी म्हटलं, लिही. तिने लिहिलं. निरोप गेल्यावर मालक मला म्हणाला की उद्यापासून तुम्ही गोदामात, काउंटरवर दुसरं कोणी बसेल. जावेला म्हणाला, टॅब आत्ताच्या आत्ता वगळ, आणि महिनाअखेरचं मी बोललो ते सोड. मग तो बाहेर जाऊन उभा राहिला.

मी माझ्या फोनवरून शिवणबाईंना फोन लावला. हा नंबर त्यांच्या ओळखीचा नव्हता, त्यांनी उचलला. मी कोण ते सांगितलं, आणि सगळं पहिल्यापासून सांगितलं. मग अगदी बारीक आवाजात त्यांनी विचारलं, "म्हणजे मी नव्हतं केलं?"

"नाही बाई. तुम्ही काहीच केलं नव्हतं."

"नक्की ना? मी सकाळपासून आठवतेय, कुठे काय दाबलं ते."

मी म्हटलं, नक्की. त्यांनी पुन्हा विचारलं, मी पुन्हा सांगितलं. मग त्या रडायला लागल्या. मी फोन कानाला लावून तशीच उभी राहिले. समोर एक बाई चेन घेऊन थांबली होती, ती मला खुणेने विचारत होती की ही बसवायची कशी, आणि मी मानेने तिला सांगत होते की मला येत नाही.